1971 च्या लेखाला 1983 चं विमान

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नौदल दिनाच्या अंकात आपण विक्रांतवर अर्धं पान दिलंत. बॉयलरला तडे गेलेले असतानाही या जहाजाला बंगालच्या उपसागरात कसं नेलं, ही हकिगत छान उतरली आहे. पण शेजारच्या फोटोखाली ‘4 डिसेंबर 1971 रोजी कॉक्स बाजारवर हल्ला करणारे विमान’ असं छापलं आहे आणि फोटो सी हॅरियरचा आहे. पहिली तीन सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरली ती डिसेंबर 1983 मध्ये. त्या सकाळी विक्रांतवरून उडाली ती आठ सी हॉक.

दोघांत गफलत होण्याचं खरं तर कारण नाही. सी हॅरियरच्या दोन्ही गालांवर हवा ओढायची मोठी तोंडं असतात, पंख खाली झुकलेले असतात आणि अंगाला फिरत्या चार नळ्या असतात. सी हॉक सडपातळ. त्याची हवा पंखांच्या मुळाशी असलेल्या फटींतून आत जाते आणि झोतही पंखांच्या मागे, दोन्ही अंगांनी बाहेर पडतो. शेपटाच्या टोकाला भोक नसलेलं जेट, एवढी खूण माझ्या नातवालाही पुरते.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पण दोन वर्षं मी एका सी हॉकच्या मागे लागलो आहे, त्यामुळे तो फोटो पाहून चहा गार झाला.

माझे थोरले बंधू नौदलात विमानांच्या देखभालीवर होते. गोवा मुक्तीनंतर दाबोळीचा तळ नौदलाकडे आला, 1964 मध्ये ‘हंसा’ हा नौदलाचा विमानतळ तमिळनाडूतल्या सुलूरहून तिथे हलला, आणि दादांची बरीचशी नोकरी तिथेच झाली. ते गेल्यावर वहिनींनी मला एक फोटो दिला. काळापांढरा, पोस्टकार्डाएवढा. पंख वर दुमडलेलं सी हॉक, पुढे चौघे जण, डावीकडून दुसरे दादा. मागे दादांच्याच अक्षरात ‘दाबोळी, पाऊस संपल्यावर’. कुठल्या सालचा पाऊस, ते लिहिलेलं नाही.

त्या नेमक्या विमानाची छोटी प्रतिकृती बहात्तरास एक या प्रमाणात करायची मी ठरवलं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 39 फूट, माझे साडेसोळा सेंटिमीटर. विकत आणलेल्या खोक्यातले प्लॅस्टिकचे भाग आठवड्यात जुळले. अडलं ते रंग आणि अक्षरांपाशी. मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये रंगखात्यात 31 वर्षं काढली, डब्यांवरचे आकडे हातानेही लिहिले आणि स्टेन्सिलनेही मारले. त्यामुळे ‘साधारण असंच असेल’ म्हणून आकडा टाकायला हात धजत नाही.

आता फोटोत काय दिसतं ते ऐका. अंगावरचा नंबर ‘आयएन’पासून सुरू होतो आणि पुढचा पहिलाच आकडा एका धिप्पाड गृहस्थांच्या खांद्यामागे आहे. तो दिसता तर विमान ब्रिटनहून आलेलं की जर्मनीहून, हे कळलं असतं. नौदलाची पहिली सी हॉक ब्रिटनची. 300 क्रमांकाचं स्क्वॉड्रन 7 जुलै 1960 रोजी वेल्समधल्या ब्रॉडीच्या तळावर उभं राहिलं ते त्यांच्यावरच. नंतर पश्चिम जर्मनीच्या नौदलाने सेवेतून काढलेली सी हॉकही आपण घेतली. या जर्मन विमानांची उभी शेपटी ब्रिटिश विमानांपेक्षा उंच होती. माझ्या खोक्यात ब्रिटिश शेपटी आहे. दादांचं विमान जर्मन असेल तर ती कापून, वर पट्टी जोडून, पुट्टी भरून वाढवावी लागेल. म्हणजे शेपटीचं टोक पाहिलं की निकाल लागतो. पण फोटो काढणाऱ्याने चौघांचे बूट नीट यावेत म्हणून कॅमेरा खाली धरला आणि शेपटी वरून कापली! या स्क्वॉड्रनला ‘व्हाइट टायगर्स’ म्हणतात, म्हणून नाकावर पांढरा वाघ काढायची मला फार हौस. तर तिथे दादांच्या मित्राने ऐटीत कोपर टेकलेलं.

रंगाचं त्याहून अवघड. आपल्या लढाऊ विमानांवरच्या गोलात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असतो. काळ्यापांढऱ्या फोटोत केशरी आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे पडतात. त्यावरून केशरी किती गडद होता हे सांगता येत नाही, आणि खोक्यातल्या डिकॅलचा (चिकटवायच्या छापील खुणांचा) केशरी तर टोमॅटोकडे झुकलेला. ब्रिटिश नौदलात हे विमान वरून गडद समुद्री करडं आणि खालून फिकट हिरवट असे, पण फोटोत तो हिरवट पांढरा वाटतो. भारतात पुन्हा रंग चढवताना कुठला डबा उघडला, हे फोटो काही बोलत नाही.

म्हणून बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन आलो. तिथलं सी हॉक समोर उभं राहून पाहता येतं. वहीत शेपटीचं, चाकांच्या झडपांचं, पंखांच्या घडीचं रेखाटन केलं आणि आकाराच्या बऱ्याच शंका फिटल्या. पण उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात ठेवलेल्या कुठल्याही विमानाचा वरचा रंग हा शेवटच्या रंगाऱ्याचा असतो, वैमानिकाच्या काळातला नव्हे. दुसऱ्या एका गावी (नाव लिहीत नाही) चौकात उभं केलेलं जुनं विमान रंगवताना मी स्वतः पाहिलं. दारावरच्या बारीक सूचना, इंधन भरायच्या जागेचे आकडे, सगळ्यावरून एकच रोलर. मुकादमाला विचारलं, जुन्याचा फोटो काढलात का? तो म्हणाला, काका, नवीन झाल्यावर काढा की!

आमच्याकडे डबा दुरुस्तीला आला की पॉलिश पेपरने एक जागा रुपयाएवढी घासायची, कडा उतरत्या ठेवून. मग कापलेल्या कांद्यासारखी रंगाची वलयं दिसतात, सगळ्यात आत प्रायमर आणि पत्रा. डबा किती वेळा आणि कुठल्या रंगात रंगला, सगळं तिथे वाचता येतं. जुनं विमान पुन्हा रंगवायचं काम ज्यांच्याकडे येतं त्यांना माझी विनंती आहे की आधी पोटाखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी, एवढंच करा. रंगपट्टी शेजारी धरून फोटो काढा, जुन्या अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवून घ्या, तारीख घाला. अर्ध्या दिवसाचं काम आहे. अक्षरांचं वळण एकदा गेलं की पुन्हा मिळत नाही. एक फुटाचं अक्षर माझ्या विमानावर चार मिलिमीटरचं होतं, पण त्या चार मिलिमीटरांतही वळण चुकलेलं मला दिसतं.

आणि वाचकांना सांगायचं ते असं. दाबोळीला, कोचीला, विक्रांतवर नोकरी केलेल्या मराठी माणसांच्या घरी असे फोटो असणारच. घर आवरताना ते रद्दीत जातात. त्या दिवसांतले लोक आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा साल, ठिकाण, माणसांची नावं आजच विचारून घ्या. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला उठतं. मऊ पेन्सिल वापरा. अंगावर नंबर दिसणारं सी हॉक कुणाकडे निघालं तर ते आपल्या दैनिकात छापावं, खाली बरोबर नाव घालून. दादांच्या फोटोची प्रत मी सोबत जोडली आहे. मूळ पाठवलेला नाही, वहिनी रागावतील.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)