सईच्या १४९० बद्दल

बॉस्टन,
१२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादा आणि वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

सईच्या एसएटीच्या, म्हणजे इथल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या, गुणांचा फोटो मिळाला. "एवढ्यावर नंबर लागेल का?" हा तुझा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बेरीज. मार्चमध्ये गणित ७४०, इंग्रजी ७१०. ऑगस्टमध्ये गणित ७८०, इंग्रजी ६८०. तू १४६० धरून बसला आहेस. पण इथल्या एमआयटीसारखी बरीच कॉलेजं दोन्ही वेळांतले त्या त्या विषयाचे चांगले गुण धरतात. म्हणजे ७८० आणि ७१०, एकूण १४९०.

एमआयटीत प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचं गणित ७८० ते ८०० च्या घरात असतं. सई तिथे काठावर आहे आणि इंग्रजीत मागे आहे, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण हा आपल्या सीईटीसारखा कट-ऑफ नव्हे, दादा. मधले निम्मे म्हटलं की पाव मुलं त्याच्याही खाली असतात. आणि पूर्ण ८०० मिळवलेली कितीतरी मुलं परत जातात, कारण शंभरातल्या चार-पाच जणांनाच जागा मिळते. गुण बघून "ही इथला अभ्यास पेलेल" एवढी खात्री करतात, मग बाकीचा अर्ज वाचतात.

कोविडमध्ये बहुतेकांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत सक्तीची केली, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये. डार्टमथच्या प्राध्यापकांना आढळलं की साध्या परिस्थितीतली मुलं १४०० च्या आसपासचे गुण कमी समजून कळवतच नव्हती, आणि तेच गुण त्यांच्या उपयोगी पडले असते. कारण मूल कुठल्या शाळेतून आलंय, हे बघून गुण जोखतात. सईच्या शाळेतून आजवर किती जण एसएटीला बसलेत, तूच सांग. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर हे गुण बघतच नाहीत.

क्लासवाले म्हणतात, १५५० च्या खाली अर्जच करू नका, डिसेंबरमध्ये पुन्हा बसवा. कृपा करून नको. बहुतेक अर्जांच्या शेवटच्या तारखा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहेत आणि अर्जातले निबंध अजून कोरे आहेत. २०१९ च्या पुरानंतर ती सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी रोज वहीत लिहायची, आठवतं? दिवाळीत आले तेव्हा ती वही मी पाहिली. निळ्या पेनने काढलेला आलेख, शेजारी कोयनेचा विसर्ग, आणि एका पानावर "पाणी इथे अंदाजापेक्षा आधी का आलं?" त्या प्रश्नावर तिने लिहावं. इंग्रजीतले तीस गुण वाढवण्यापेक्षा मला ते फार मोलाचं वाटतं.

पैशाचं मात्र आत्ताच ठरवू. परदेशी मुलांची ऐपत न बघता निवड करणारी कॉलेजं मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट अशी. बाकी ठिकाणी मदत मागितली की निवड आणखी कठीण होते. तुझी आयकराची कागदपत्रं काढून ठेव, आपण मिळून यादी करू.

सईला म्हणावं, पहिला मसुदा रविवारपर्यंत आत्याला पाठव. कच्चा असला तरी चालेल.

आईला नमस्कार.

तुझी,
माई