सूचना : रविवारच्या कॅम्पसाठी सुरी निवडताना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मळवली स्टेशनबाहेर जमायचं आहे. तिथून पवनेकाठच्या शेतावर सुरी वापरण्याचा सराव. आपापली सुरी आणा, पण घाईने नवी घेऊ नका. आधी हे वाचा.

घडीची सुरी चालणार नाही. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं हवं. मागच्या पावसाळ्यात सरपण फोडताना माझ्याच सुरीची मूठ निखळली. आत बघतो तर जेमतेम दोन बोटं लोखंड, बाकी सगळं प्लास्टिक! पातं उडून कुणाच्या पायात गेलं नाही, हे नशीब.

- पातं ४ ते ५ इंच, जाडी ३ ते ४ मिमी. करवतीचे दाते नकोत. धार लावताना फार त्रास होतो.
- कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण आपल्या पावसात ते रात्रीत गंजतं. पुसून तेलाचा हात द्यायचा आळस असेल तर सरळ स्टेनलेस घ्या.
- लोहाराने गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेली सुरीही उत्तम.
- ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं आणू नका. ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकतं.

म्यान सक्तीचं. प्रवासात सुरी सॅकच्या तळाशी, कमरेला नाही. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. सरपण आपण विकत घेतलं आहे.

१८ वर्षांखालील मुलांनी पालकांसोबतच यावं. येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका.