पीएचडीनंतर विषय बदलला म्हणजे सरकारचे पैसे बुडवले का?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात निफाडच्या एका काकांचं पत्र आलं होतं, की ही पोरं सरकारी फेलोशिपवर पाच पाच वर्षं पीएचडी करतात आणि डिग्री हातात पडली की विषयच बदलून मोकळी होतात, अशांकडून पैसे वसूल करा. काकांना राग येणं साहजिक आहे, आज सुरुवातीची ज्युनिअर फेलोशिप (जेआरएफ) महिन्याला 37 हजार आणि पुढची सिनिअर (एसआरएफ) 42 हजार आहे, ती काही थोडी रक्कम नाही (सगळ्यांना मिळते असंही नाही, पण ते जाऊ दे). पण मी त्या 'अशां'मधलीच एक, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

माझी फिजिक्सची पीएचडी झिंक ऑक्साईडच्या थिन फिल्मवर आहे. म्हणजे गरम काचेवर द्रावण स्प्रे करून पातळ थर बसवायचा, त्यावर अमोनियासारखा गॅस सोडायचा आणि त्या थराचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, किती बदलला ते मोजायचं. आपल्याकडे कुठल्याही कॉन्फरन्सला जा, पोस्टर बघत फिरलात तर इकडून तिकडून थिन फिल्मच दिसतील, कारण हॉट प्लेट आणि स्प्रेचा सेटअप स्वस्तात उभा राहतो, त्याला करोडोंची मशीन लागत नाही. आणि खरं सांगायचं तर हा विषय आम्ही निवडलेलाच नसतो. गाईडकडे जो सेटअप असतो तो आपला विषय, एवढंच. एमएस्सी होऊन आलेल्या पोराला त्या वयात कुठे माहीत असतं की फिजिक्समध्ये अजून काय काय चाललंय, ते पीएचडी करता करता हळूहळू कळतं आणि मग वाटतं अरे, आपल्याला तर ते करायचंय.

मला आता ऑप्टिकल ट्वीझरवर काम करायचंय. लेसर एका बिंदूवर फोकस करून त्यात मायक्रॉनएवढा मणी पकडून धरायचा, त्याला पेशीतलं प्रोटीन जोडायचं आणि ते किती जोर लावतं ते मोजायचं. आर्थर अ‍ॅश्किन यांना 2018 चं फिजिक्सचं नोबेल याच्यासाठीच मिळालं. पेशीत कायनेसिन नावाचं मोटर प्रोटीन असतं, ते 8 नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत माल वाहून नेतं, आणि ते पाऊल या ट्वीझरने मोजता येतं! आता काका म्हणतील हे बायोलॉजी झालं, फिल्मवरची पाच वर्षं वाया. पण त्या पाच वर्षांत मी शिकले काय? सिग्नल एवढासा आणि नॉईज डोंगराएवढा असला तर काय करायचं, बेसलाईन, म्हणजे गॅस नसतानाचं मूळ रीडिंग, सरकत असेल तर दोष नमुन्यात आहे की खोलीतल्या दमटपणात हे कसं शोधायचं, डेटासाठी कोड कसा लिहायचा. ट्वीझरवर पहिल्या दिवसापासून हेच लागतं. काका निफाडचे, त्यांना वेगळं सांगायला नको, द्राक्षबागेत खाली खुंट डॉगरीज जातीचा असतो आणि वर कलम थॉमसन जातीचं, म्हणून कोणी खुंट वाया गेला म्हणतं का?

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत कंडेन्स्ड मॅटर फिजिक्सची (म्हणजे घन पदार्थांसारख्या गोष्टींच्या फिजिक्सची) पीएचडी केलेले रूप मलिक याच मोटर प्रोटीनकडे वळले आणि 2014 ला त्यांना विज्ञानातला मानाचा भटनागर पुरस्कार मिळाला तो जीवशास्त्रात. वेंकी रामकृष्णन बडोद्याला फिजिक्स बीएस्सी, 1976 ला अमेरिकेत फिजिक्सची पीएचडी, आणि मग चक्क परत विद्यार्थी होऊन बायोलॉजीच्या वर्गात जाऊन बसले, 2009 ला नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं. नाशिक-पुणे रस्त्याने जाताना नारायणगावजवळ खोडदचा जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बिणींचा प्रकल्प, आहे ना, तो उभा करणारे गोविंद स्वरूपही आधी दिल्लीच्या प्रयोगशाळेत पॅरामॅग्नेटिझमवर, म्हणजे पदार्थांच्या चुंबकीय गुणांवर काम करायचे, आकाशातल्या रेडिओ लहरींचा अभ्यास करणाऱ्या रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीकडे वळले ते 1953 मध्ये सिडनीला गेल्यावर. ते पीएचडीच्या आधीचं होतं हे मान्य, पण विषय बदललाच की.

आता नोबेलवाल्यांची नावं घेऊन आमच्यासारख्यांचं पोट भरत नाही हेही खरं. विषय बदलला की निदान वर्ष दोन वर्षं एकही शोधनिबंध निघत नाही, नवीन लॅबमध्ये तुमच्याहून लहान पोरं तुम्हाला पिपेट धरायला शिकवतात, आणि ज्या गाईडने घडवलं त्यांना फोन करून सांगायला जीभ वळत नाही. मी सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, अर्ज करते. एका मुलाखतीत पॅनेलवरच्या सरांनी विचारलं की मॅडम तुम्ही नक्की कोण, फिजिक्सवाल्या की बायोवाल्या, आणि प्रपोजलचं एक पानही न उलटता पुढच्या उमेदवाराला बोलावलं. त्या प्रपोजलमध्ये ट्वीझर कसा जुळवायचा याची अख्खी आकृती होती, ती तरी बघायची!

त्यात वयाची अट. आपल्या नॅशनल पोस्टडॉक फेलोशिपला सर्वसाधारण मर्यादा 35 वर्षं आहे, महिलांना आणि राखीव गटांना 5 वर्षं सूट आहे, ती चांगलीच. पण ज्याने मध्ये नोकरी केली, घर सांभाळलं, उशिरा पीएचडीला लागला, त्याला विषय बदलायला वेळच उरत नाही. युरोपात मारी क्युरी फेलोशिपला जन्मतारखेवर अडवत नाहीत, पीएचडी होऊन किती वर्षं झाली ते बघतात. आणि ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅम ही जीवशास्त्राच्या संशोधनाला पैसे देणारी आंतरराष्ट्रीय संस्था, जिचा भारतही सदस्य आहे, त्यांची तर एक वेगळी फेलोशिपच आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनीअरिंगवाल्यांनी पीएचडीनंतर बायोलॉजीत यावं म्हणून. म्हणजे काकांना ज्याची वसुली हवीय त्यासाठी तिकडे उलट पैसे देतात.

तुमच्या करिअर पुरवणीत बारावीनंतर काय यावर दर जूनला पानंच्या पानं असतात, पीएचडीनंतर काय यावर मात्र एक कॉलमही येत नाही. वर सांगितलेल्या फेलोशिपची माहिती, अटी आणि अर्जाच्या तारखा तेवढ्या छापा, माझ्यासोबत तासिकेवर शिकवणारे बरेच जण ते पान कापून ठेवतील.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक