गोठ्यावरचं धामण फोडू नका

आई, बाबा,

काल बाबा फोनवर म्हणाले ना, गोठ्यावरचं जुनं लाकूड पावसाआधी फोडून टाकतो, तेव्हापासून मला चैन नाही म्हणून लिहून राहिलो. त्यातलं धामणाच्या झाडाचं लाकूड तेवढं राहू द्या, बाकीचं खुशाल चुलीत घाला.

आई, तू विचारत होतीस दर रविवारी लकडगंजला काय काम असते, तर तिथे एका मिस्त्रीकाकांकडे मी लाकडाचं धनुष्य बनवायला शिकून राहिलो. हसू नको बरं! मेडल वगैरे आणायचं नाही, मिहानमधल्या ऑफिसात आठवडाभर स्क्रीनसमोर बसल्यावर लाकूड तासायला बरं वाटते, एवढंच.

लाकूड आरीने कापत नाहीत, पाचर मारून उभं फाडतात म्हणजे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहतात, मग दोन्ही टोकांना फेव्हिकॉल नाहीतर ऑइलपेंट फासून सावलीत वर्षभर तरी वाळवतात, कारण पाणी टोकांतूनच पटकन उडते आणि आपल्या 45 डिग्रीत तर लाकूड तडकतेच. सालीखालची बाजू म्हणजे धनुष्याची पाठ, सगळा ताण तिच्यावर, तिथे रंधा मारून रेषा तुटल्या की धनुष्य तिथूनच मोडते, म्हणून तासायचं फक्त पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने. खरी मजा त्याच्या पुढे. धनुष्य भिंतीवर अडकवायचं, दोरी कप्पीतून खाली ओढायची आणि लांबून पाहायचं दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, जिथे ताठ आहे तिथे थोडी कानस, जिथे जास्त वाकते तिथे हातच लावायचा नाही, परत ओढा, परत पाहा. अख्खा रविवार जातो अन् भुसा निघतो मूठभर.

बाबा, तुमच्या कुऱ्हाडीचा दांडा धामणाचाच ना? झटका सोसते म्हणूनच धनुष्यालाही ते चालते, आणि आपलं तर किती वर्षांपासून वर पडून वाळलेलं आहे, असं बाजारात कुठं मिळते! दोरी 28 इंच मागे ओढायची तर धनुष्य 66 इंचाच्या आसपास लागते, म्हणून साडेपाच फुटांच्या वरचे, कमी गाठींचे तुकडे तेवढे ठेवा. साल असली तर सोलू नका. पिठासारखा भुसा गळत असेल तर भुंगा लागला समजा, ते जाळा.

आणि उतरवायला शिडीवर चढू नका, मी पुढच्या शनिवारी मित्राची पिकअप घेऊन येतोच आहे.

तुमचा,
बाळू