समान वाट्याच्या कलमाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या बँडची बहुतेक गाणी मी लिहीत असताना करारनाम्यात चौघांना समान वाटा कशासाठी, असे आपण विचारले होते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नसते.

ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतून कंपनी आधी आपली उचल वसूल करून घेते, त्यामुळे तो पैसा पुष्कळदा वर्षानुवर्षे हाती लागतच नाही. पण गीतकार-संगीतकार म्हणून ज्याचे नाव नोंदलेले असते, त्याला गाणे रेडिओवर वाजले की हक्काचे पैसे स्वतंत्रपणे मिळतात. मग एकाच बँडमधला एक जण घर बांधतो आणि दुसऱ्याचे भाडे थकते. बँड फुटतात ते सुरांपेक्षा यावरूनच अधिक, असे माझे मत आहे. (आई, तुला हे सारे मुनीमगिरीचे वाटेल, आणि ते तसेच आहे.)

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० मध्ये सुरू झालेल्या आर.ई.एम. या बँडने हा प्रश्न निकालात काढला होता. शब्द मुख्यतः मायकेल स्टाइप लिहीत असे, तरी प्रत्येक स्वतंत्र रचनेवर बेरी, बक, मिल्स आणि स्टाइप ही चारही नावे सारख्याच हक्काने लागत, आणि एकाचाही नकार असला तर निर्णय होत नसे. १९८१ मध्ये एका अगदी लहान कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. पुढची काही वर्षे व्हॅनमधून गावोगावी फिरणे आणि महाविद्यालयीन रेडिओ यांवरच त्यांचा श्रोतृवर्ग वाढत गेला. वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीशी करार झाला तो थेट १९८८ मध्ये. त्यानंतर १९९१ आणि १९९२ चे त्यांचे अल्बम दौरे न काढताही अफाट खपले. त्यांतल्या दुसऱ्या अल्बममधील सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकाची मूळ चाल ड्रमर बिल बेरीची होती, हे वाचल्यापासून ‘गाणी माझी’ असे म्हणताना मी थोडी अडखळते.

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान शहरातल्या कार्यक्रमात मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकारामुळे बेरी कोसळला. तो बरा झाला, परंतु १९९७ मध्ये त्याने बँड सोडला, आणि तोही आपल्या जाण्याने बँड मोडणार नसेल तरच, असे सांगून. उरलेल्या तिघांनी २०११ पर्यंत काम केले आणि कोर्टकचेरी न करता बँडचा समारोप केला.

आमची मिळकत त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी जाणते. तरीही वाटणीचे बोलणे हाती काही नसतानाच उरकलेले बरे. पैसा आल्यावर प्रत्येकाला आपले श्रम मोठे दिसू लागतात. मसुदा सोबत जोडला आहे. बाबा, समान वाट्याचे कलम आहे तसेच राहू द्यावे, पण एखादा जण बँड सोडून गेला तर जुन्या गाण्यांवरील त्याचा हक्क कायम राहील हे नवव्या कलमात पुरेसे स्पष्ट झाले आहे का, तेवढे पाहून कळवावे.

आपली,
मुलगी