चित्ररथवाल्या दादांना, एका गणिताच्या टीचरकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी केलेल्या गणिताच्या अ‍ॅनिमेशनच्या शेवटी तुमचं नाव घालते म्हटलं, तर "नको टीचर, मला कुठलं गणित येतंय," म्हणून तुम्ही उडवून लावलंत. म्हणून हे जाहीर पत्र. नाव इथेही घालत नाही. गोव्यात फोंड्याला शिगम्याचे देखावे बघणाऱ्यांना तुमचा हात ओळखू येतोच.

आपल्याकडची कितीतरी मुलं प्राथमिकला मराठीतून गणित शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. त्यांना शब्दांवाचून कळेल असं काही हवं होतं. सॉफ्टवेअरची अडचण नव्हती. जिओजेब्रा फुकट आहे, मॅनिमही. अडचण होती बघणाऱ्याच्या डोळ्याची, आणि तो तर तुमचा धंदाच.

वर्तुळाच्या क्षेत्रफळापासून सुरुवात झाली. वर्तुळाच्या पाकळ्या करायच्या, एक सुलटी एक उलटी अशा शेजारी मांडायच्या, की आयतासारखं काहीतरी होतं: उंची त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी, म्हणून πr². तुमचं म्हणणं एकच, एका वेळी एकच वस्तू हलू दे. राक्षसाचा हात उठतो तेव्हा बाकीचा रथ गप्प असतो. अर्ध्या पाकळ्या निळ्या, अर्ध्या नारिंगी करायला लावल्यात. त्याबरोबर अर्धा परीघ वर आणि अर्धा खाली, हे न सांगता दिसलं. 8 पाकळ्यांवर चित्र थांबवलंत, कड खडबडीत आहे ती नीट बघू दे म्हणून. मग 16, मग 32.

ती कड लपवली नाही हे फार बरं झालं. हलतं चित्र सहज खोटं बोलतं. 8×8 चा चौरस चार तुकड्यांत कापून 5×13 चा आयत करून दाखवतात ना, 64 चे 65 घर! तिरक्या रेषांचे उतार 3/8 आणि 2/5, म्हणजे वेगळे. कर्णावर बारीक फट उरते, तेच ते जादा घर. रेघ जरा जाड काढली की फट गायब.

साइनचा आलेख मात्र मीच तुमच्याकडून शिकले. गाडीच्या वायपरची मोटर, तिच्या चकतीच्या कडेला खिळा, तो पट्टीच्या आडव्या खाचेत. चकती एका वेगाने फिरते, पट्टी वर-खाली होते. टोकांशी रेंगाळते, मध्यावर सुसाट. पट्टीला पेन बांधून मागून कागद एकसारखा ओढला, की साइनची लाट. मॅनिममध्ये हालचाल आपोआप हळू सुरू होऊन हळू थांबते. दिसायला छान, पण कागद एकसारखा सरकत असताना बिंदूच असा कचरला तर लाट बिघडते. तिथे वेग लिनिअर, म्हणजे एकसारखा, ठेवावा लागतो. तुम्ही पडद्याकडे बघून एवढंच म्हणालात, "मोटरवर लोड आलाय."

वर्गात आता मुलं "टीचर, परत लावा" म्हणतात. कळलं म्हणून की मजा वाटली म्हणून, ते परीक्षेत समजेल!

पुढचा विषय शंकूचं घनफळ: तेवढ्याच तळाच्या आणि उंचीच्या दंडगोलात तीन शंकू पाणी मावतं, ते कसं दाखवायचं? शिगम्याची धावपळ संपली की लॅपटॉप घेऊन वर्कशॉपमध्ये येते. चहा माझ्याकडून.

तुमची,
टीचर