सोडोहून आई-बाबांना पत्र

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "तिथली भाषा कोणती गं?" फोनवर सांगून भागलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इथिओपियात ऐंशीहून जास्त भाषा आहेत. २००७ च्या जनगणनेत ओरोमो मातृभाषा असणारे सुमारे ३४ टक्के होते, अम्हारिकवाले २९. म्हणजे निम्म्या देशाची मातृभाषा म्हणावी अशी एकही भाषा नाही. आमच्या सोडो गावात वोलायता बोलतात. आई, बाजारात माझी शेजारीण भाजीवालीशी वोलायतातून घासाघीस करते, पलीकडच्या परगावच्या दुकानदाराशी अम्हारिक बोलते आणि मला भाव सांगते तो इंग्रजीत. कचेरीतलं काम अम्हारिकमध्ये चालतं, विद्यापीठात आम्ही इंग्रजीतून शिकवतो. अम्हारिकची लिपी गीझ, वोलायता मात्र रोमन अक्षरांत लिहितात.

सम्राट हैले सेलासींच्या राज्यात शाळा आणि कोर्टात देशी भाषांपैकी फक्त अम्हारिकच चालायची. १९९४ च्या शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शाळेत मातृभाषा आली, १९९५ च्या राज्यघटनेने सगळ्या भाषांना समान मान्यता दिली. बाबा, त्यानंतर इथे जे घडलं ते तुम्हाला शिक्षक म्हणून कळावं असं फार वाटतं.

वोलायता, गामो, गोफा आणि दावरो या एकमेकींच्या जवळच्या भाषा. सरकारने त्या चारींची मिळून एक नवीच भाषा तयार केली, तिला चौघींची आद्याक्षरं जोडून नाव दिलं आणि पाठ्यपुस्तकं छापून शाळेत पाठवली. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी कालवून बालभारती काढावं, तसंच हे. विरोध करणाऱ्या शिक्षकांच्या बदल्या झाल्या. १९९९ मध्ये सोडोत विद्यार्थी आणि गावकरी रस्त्यावर उतरले, त्यात माणसं मेली. शेवटी पुस्तकं मागे घेतली गेली आणि २००० मध्ये वोलायता बोलणाऱ्यांच्या भागाला स्वतंत्र झोन, म्हणजे आपल्यासारखा जिल्हा, मिळाला. माझे एक सहकारी तेव्हा शाळकरी होते. ते सांगतात, पुस्तक उघडलं की एका ओळीतले दोन शब्द घरचे, तिसरा कुणाचा ते कळायचं नाही.

भाषा जवळच्या होत्या, हे खरं. पण लोकांना विचारायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

इथली खरी अडचण पुढे येते. मातृभाषेत शिकलेली पोरं वरच्या वर्गांत इंग्रजीवर येतात. माझ्या वर्गातली हुशार मुलं गणित अचूक सोडवतात, पण शंका विचारायला उभी राहिली की अडखळतात. मग मी त्यांना आधी आपापसांत त्यांच्या भाषेत बोलू देते.

बाबा, सोलापूरच्या तुमच्या शाळेत तेलुगू आणि कन्नड घरांतली पोरं पहिलीत यायची. त्यांना मराठी वाचायला तुम्ही कसं लावायचात? आठवेल तसं सगळं लिहून पाठवा. इथल्या शिक्षकांना वाचून दाखवायचं आहे. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज कर.

तुमची,
मनू